फिरता फिरता टिपलेला निसर्ग

सकाळी फिरायला जा, हा आपण डॉक्टर मंडळी रुग्णांना देतो तो सर्वांत स्वस्त, आणि स्वतः सर्वांत कमी पाळतो तो सल्ला. तरीही बडोद्यातील आपल्यापैकी जे कोणी दवाखाना उघडण्यापूर्वी कमाटी बागेत, विद्यापीठाच्या आवारात किंवा विश्वामित्रीच्या एखाद्या पुलावरून फेरी मारून येतात, त्यांच्या मोबाईलमध्ये डोकावले तर काही चित्रे हमखास सापडतील. बहराला आलेला बहावा, तारेवर बसलेला खंड्या, धुक्यात अर्धा बुडालेला पूल, वडाच्या पारंब्यांतून येणारी उन्हाची तिरीप. ही छायाचित्रे स्पर्धेसाठी काढलेली नसतात. सकाळच्या शुभेच्छांबरोबर ती चार नातलगांकडे जातात आणि मोबाईलमधील जागा संपली की सर्वांत आधी पुसली जातात ती हीच. या पुसण्याविषयी मला थोडे लिहायचे आहे.

बालरोगतज्ज्ञाला एका वजनावरून फारसे काही कळत नाही. आठ महिन्यांचे मूल सात किलोचे आहे, एवढ्यावरून ते निरोगी की आजारी, हे सांगता येणार नाही. पाचव्या महिन्यातही ते सातच किलोचे होते असे कळले की त्या आकड्याचा अर्थ बदलतो. जन्मतः ते दीडच किलोचे होते असे कळले की पुन्हा बदलतो. आपण आकडा वाचत नसतो, आकड्यांना जोडणारी रेषा वाचत असतो. निसर्गाच्या छायाचित्राचेही असेच आहे. एका फुललेल्या झाडाचे चित्र सुंदर असेल, पण ते मुके असते. त्याच झाडाची, त्याच जागेवरून, तारीखवार काढलेली वीस चित्रे एकापुढे एक ठेवली की ती बोलू लागतात. त्यांतील प्रत्येक चित्र सुंदर असलेच पाहिजे असे मुळीच नाही. किंबहुना, सुंदर चित्राच्या हव्यासापायी आपण दर वेळी जागा आणि कोन बदलतो आणि तुलना करण्याजोगे काही हाती उरत नाही.

एक उदाहरण देते. आपल्या शहरात वावळ हे झाड पुष्कळ आहे. गुजरातीत त्याला कणजो म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत त्याची पाने गळतात आणि उघड्या फांद्यांवर बारीक, हिरवट-तपकिरी फुले येतात. ती इतकी नगण्य दिसतात की झाडाखालून रोज जाणाऱ्यालाही ते फुलल्याचा पत्ता लागत नाही. पुढे त्याला कागदासारख्या पातळ पंखाच्या गोल बिया येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या वाऱ्यावर उडून रस्ताभर पसरतात. तेव्हा कुठे लोकांचे लक्ष जाते. वावळाचे परागण वाऱ्यावर होते. त्यामुळे त्याचे पराग हलके असतात, विपुल असतात, आणि भारतात श्वसनमार्गाची ॲलर्जी निर्माण करणाऱ्या महत्त्वाच्या परागांत त्यांची गणना होते. याच सुमारास दम्याची मुले खोकत येतात. पालक दोष देतात तो पळसाला, पुढे गुलमोहराला, कारण ती डोळ्यांत भरतात. वास्तविक भडक रंगांची मोठी फुले ही पक्षी आणि कीटक यांना बोलावण्यासाठी असतात. त्यांचे पराग जड व चिकट असून वाऱ्यावर सहसा दूर जात नाहीत. जे फूल दिसत नाही त्याचा संशय आधी घ्यावा, असे मी पालकांना सांगते.

माझ्या नेहमीच्या वाटेवरील एका वावळाचे छायाचित्र मी दर रविवारी काढते. फांदी तीच, उभे राहण्याची जागा तीच. फुलोरा कोणत्या आठवड्यात सुरू झाला हे त्यावरून नेमके कळते आणि तो आठवडा दर वर्षी एकच नसतो, हेही कळते. एका झाडावरून शहराचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्यांची मुले या दिवसांत हटकून आजारी पडतात त्यांना, ‘औषधाचा पंप जवळ ठेवा, वावळ फुलला आहे’, एवढे तरी मी त्यामुळे सांगू शकते.

अशा नोंदी ठेवणाऱ्यांना त्यांचा पुढे काय उपयोग होईल याची कल्पना असतेच असे नाही. जपानमधील क्योतो येथे चेरीचा बहर कधी आला याचे उल्लेख नवव्या शतकापासून दरबारी रोजनिश्यांत आढळतात. लिहिणाऱ्यांना उत्सवाचा दिवस टिपायचा होता. आज हवामानशास्त्रज्ञ त्याच उल्लेखांवरून तेथील वसंताचे तापमान अजमावतात. २०२१ मध्ये क्योतोचा पूर्ण बहर २६ मार्चलाच आला, तेव्हा तो बाराशे वर्षांतील सर्वांत लवकरचा ठरला. त्या रोजनिश्यांत चित्र नव्हते. तारीख मात्र होती. आपल्याकडे नेमके उलट झाले आहे. चित्रे उदंड आहेत आणि तारखा हरवलेल्या!

मोबाईल खरे तर प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ आणि मुभा दिली असेल तर ठिकाणही आपोआप नोंदवत असतो. ही नोंद मूळ प्रतीत असते. संदेशवाहक ॲपवरून चित्र नेहमीच्या रीतीने पाठवले की ते हलके करून पाठवले जाते आणि ही माहिती सहसा गळून पडते. म्हणून नातलगांकडे गेलेली प्रत म्हणजे जपलेली प्रत, अशा समजुतीत राहू नये. मूळ प्रत संगणकावर किंवा वेगळ्या साठवणीत ठेवावी; पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती जशीच्या तशी जाते. दर महिन्याचा एक कप्पा आणि त्यात जागेच्या नावाने पोटकप्पे, एवढी व्यवस्था पुरते. याहून मोठी व्यवस्था करणारे लोक सहसा दुसऱ्या महिन्यात कंटाळतात.

छायाचित्र कसे काढावे यावर मी फार लिहिणार नाही. सूर्य पाठीशी असावा, झूम बोटांनी ओढून वाढवण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे (मगर असेल तर अर्थातच नव्हे), पक्ष्याचे चित्र धूसर आले तरी ते टाकू नये, कारण ओळख पटवायला पुष्कळदा चोचीचा आकार आणि शेपटीची ठेवण पुरेशी असते. झाडाचे मात्र एक चित्र कधीच पुरत नाही. संपूर्ण झाड, पानाची वरची व खालची बाजू, खोडाची साल, आणि फूल किंवा फळ, ही चार चित्रे असली तर वनस्पतीचा जाणकार तुम्हाला उत्तर देईल. केवळ फुलाचे चित्र पाठवून ‘हे काय आहे?’ असे विचारणे म्हणजे रुग्णाने केवळ जिभेचा फोटो पाठवून निदान मागण्यासारखे आहे. बागेत लहान मुले खेळत असतात, तेव्हा परक्यांची मुले आपल्या चौकटीत येऊ नयेत, ही काळजीही घ्यावी. घरट्यांची छायाचित्रे मी काढत नाही. जवळ गेल्याने पक्षी घरटे सोडून उडतो आणि आपण काय पाहत आहोत हे वर बसलेला कावळाही पाहत असतो.

नावांची मौज वेगळीच. बडोद्याच्या मराठी माणसाला पक्षी दोन भाषांत भेटतात. आपली टिटवी इथे टिटोडी होते, खंड्या कलकलियो होतो, घोळक्याने कलकलाट करणारे आपले सातभाई इथे लेलां होतात. हिरव्या अंगाचा, कपाळावर व छातीवर लाल ठिपका असलेला एक छोटा पक्षी उन्हाळ्याच्या दुपारी ‘टुक् टुक् टुक्’ असा एकसुरी आवाज तासन् तास करत राहतो. मराठीत तो तांबट, गुजरातीत कंसारो. एका भाषेला त्याच्या आवाजात तांब्याचे भांडे घडवणारा ऐकू आला, दुसरीला काशाचे घडवणारा. माझ्या दवाखान्यातील मुलांना यांपैकी एकही कारागीर पाहायला मिळालेला नाही. पक्षी मात्र अजून आहे. चित्राच्या कप्प्याला नाव देताना मी दोन्ही नावे लिहिते, म्हणजे बागेतल्या माळीदादांशी बोलताना अडत नाही. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ हाताशी असावा.

फोटो काढण्याच्या नादात पाहणे राहून जाते, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो निराधार नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी याविषयीचा एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. संग्रहालयात फिरणाऱ्या विद्यार्थ्यांना काही वस्तूंची छायाचित्रे काढायला आणि काही वस्तू नुसत्याच पाहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांची स्मृती तपासली, तेव्हा छायाचित्रे काढलेल्या वस्तू आणि त्यांचे तपशील त्यांना कमी आठवले. लक्षात ठेवण्याचे काम जणू कॅमेऱ्यावर सोपवले गेले होते. मात्र त्याच प्रयोगात ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा रोखून तेवढाच भाग मोठा करून टिपला, त्यांची स्मृती उणावली नाही; चौकटीबाहेर राहिलेला भागही त्यांना आठवत होता. मला यातून एवढेच घ्यावेसे वाटते की दिसेल ते टिपत सुटणे आणि काहीतरी शोधून टिपणे या दोन भिन्न क्रिया आहेत. एका फेरीत तीन-चार चित्रे पुष्कळ झाली. उरलेला वेळ मोबाईल खिशात असावा.

आता थोडे आपल्या व्यवसायाचे. झाडांच्या या चित्रांचा मला दवाखान्यात प्रत्यक्ष उपयोग होतो. सुटीच्या दिवसांत चार-पाच मुले एकदम उलट्या करत येतात आणि चौकशी केली की कुंपणाच्या झाडाच्या बिया खाल्ल्याचे कळते. पालकांना झाडाचे नाव सांगता येत नाही. त्या वेळी घरी राहिलेल्या माणसाला झाडाचे आणि उरलेल्या बियांचे चित्र पाठवायला सांगावे. पाने रुंद, तीन ते पाच उथळ कोनांची, बिया काळसर असतील तर बहुधा रतनज्योत. उलट्या-जुलाब जोरात होतात, पण सलाईन आणि देखरेख यांवर मुले सहसा सुधारतात. पान पंजासारखे खोल कापलेले, कडा करवतीसारख्या आणि बी चित्रविचित्र ठिपक्यांचे असेल तर एरंड. त्याचे बी चावून खाल्ले की सबंध गिळले, हे विचारणे महत्त्वाचे. काटेरी बोंडाचा धोत्रा असेल तर मूल कोरडे, तापलेले, बरळणारे आणि बाहुल्या विस्फारलेले असते. अरुंद लांब पाने, तोडल्यावर चीक आणि पिवळी, घंटेसारखी फुले असतील तर ती पिवळी कण्हेर. मंदिरांच्या आणि बंगल्यांच्या आवारांत हौसेने लावतात, परंतु तिचे विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर चालते. या मुलाला लगेच ईसीजी आणि अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे लागते. पालकांनी एवढे लक्षात ठेवावे की घरी उलटी करवू नये, आणि चित्र मिळेपर्यंत निघायचे थांबू नये. चित्र मागून येऊ शकते. झाड ओळखून देणारी मोबाईलची ॲप पुष्कळ आहेत. फिरताना ती गमतीची आहेत. विषबाधेचे उपचार त्यांच्या भरवशावर ठरवू नयेत.

सापाबद्दलही हेच. दंश झाल्यावर सुरक्षित अंतरावरून सहज चित्र मिळाले तर उत्तम, पण त्यासाठी सापामागे जाण्यात किंवा त्याला मारण्यात एक मिनिटही दवडू नये. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे एकच असते, आणि ते द्यायचे की नाही हे लक्षणांवरून ठरते.

मुलांना सोबत नेण्याविषयी एक आकडा सांगण्यासारखा आहे. चीनमधील ग्वांगझू येथे १२ प्राथमिक शाळांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना दर शाळेच्या दिवशी ४० मिनिटे अधिक उघड्यावर ठेवले. तीन वर्षांनी त्या मुलांत जवळच्या दृष्टीचा चष्मा लागण्याचे प्रमाण ३०.४ टक्के, तर नेहमीप्रमाणे शिकलेल्या मुलांत ३९.५ टक्के होते. आधीच लागलेला नंबर बागेत फिरून उतरत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावे. पण न लागलेला लांबवता येतो. मुलाच्या हाती क्षणभर मोबाईल दिला तर त्याची चित्रे आपल्याहून वेगळी येतात, कारण त्याची नजर जमिनीपासून तीन फुटांवर असते. मुंग्यांची रांग, गोगलगाय, वावळाची बी हे सर्व त्याच्याच चित्रांत सापडते. चित्र काढून झाले की मोबाईल परत घ्यावा. नाहीतर ४० मिनिटे उघड्यावर जातात आणि नजर पडद्यावरच राहते.

राहता राहिली नदी. पावागडच्या डोंगरातून निघून विश्वामित्री शहराच्या मधोमध जाते, पुढे ढाढरला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात उतरते. महाराज सयाजीरावांनी १८७९ मध्ये कमाटी बाग वसवली तीही या नदीच्याच काठी. लाखो वस्तीच्या शहरातून वाहणाऱ्या या गढूळ, अरुंद नदीत शेकडो मगरी राहतात, ही गोष्ट बाहेरच्या पाहुण्यांना पुलावरून दाखवल्याखेरीज खरी वाटत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या मोजणीत त्या चारशेहून अधिक भरल्या. हिवाळ्याच्या सकाळी ऊन चढले की त्या उतारावर येऊन पडतात, काही जबडा उघडा टाकून. तो राग नसतो, शरीराचे तापमान सांभाळण्याची ती रीत आहे. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मादी काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडाशी पिल्ले बाहेर पडतात. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या मातीच्या उबेवर ठरते. म्हणजे काठाची माती ही या प्राण्याचे सूतिकागृहच आहे. चित्र घ्यायचे ते पुलाच्या कठड्यामागून. काठावर उतरणे प्रौढांनीही टाळावे, आणि मुलांच्या बाबतीत तर चर्चाच नको.

२०२४ च्या ऑगस्टअखेर या नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही पुढे मजल मारली. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत आणि दवाखान्यांत पाणी शिरले, मगरी वस्त्यांत आल्या, पुढचे काही आठवडे आपण जुलाब आणि तापाच्या रुग्णांत बुडून गेलो. त्यानंतर २०२५ च्या उन्हाळ्यात पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम हाती घेतले गेले. ते पावसाळ्यापूर्वी उरकणे भाग होते, आणि मादीचा हंगामही नेमका तोच. पुराच्या पाण्यात अंथरूण वाहून गेलेल्या कुटुंबाला मगरीच्या अंड्यांची महती सांगायला मी जाणार नाही. ज्यांना काठाची चिंता वाटते त्यांना वेड्यात काढणेही मला मान्य नाही. वाद व्हायचा तो होवो. पण वाद करणाऱ्या दोन्ही बाजूंना हे तरी ठाऊक असावे की आधी काठ कसा होता. कोठे झाडे होती, उतार किती होता, पाणी उन्हाळ्यात कोठवर आटत असे, मगरी कोणत्या वळणावर पडत.

काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून काढलेली माझी काही चित्रे मी शेजारी शेजारी लावून पाहिली. जानेवारी २०२४ : उतारावर दाट झुडपे, मध्ये एक उघडा पट्टा आणि त्यावर दोन मगरी. सप्टेंबर २०२४ : तीच झुडपे चिखलाने राखाडी झालेली, डोक्याच्या बऱ्याच वरच्या फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेल्या, पाणी कोठवर आले होते हे त्या पिशव्याच सांगतात. जून २०२५ : माती मोकळी, उतार एकसारखा, झुडपे नाहीत. ऑक्टोबर २०२५ : त्याच उतारावर पावसाने उगवलेले हिरवे गवत आणि पाण्याजवळ एक टिटवी. एकेका चित्रात पाहण्यासारखे काही नाही. जानेवारी २०२४ चे चित्र तर मी मगरी लहान आल्या म्हणून पुसणार होते.

ही रांग अपुरी आहे, कारण ती एकाच पुलाची आहे. अकोटा-दांडिया बाजार, मुंजमहुडा, समा, वडसर या पुलांवरून आपल्यापैकी कितीतरी जण वर्षानुवर्षे ये-जा करत आहेत, आणि कोणी ना कोणी कधीतरी थांबून नदी टिपली असेलच. ऑगस्ट २०२४ पूर्वीची अशी चित्रे कोणाच्या जुन्या मोबाईलमध्ये असतील तर मूळ प्रती तारखेसह बाजूला काढून ठेवाव्यात. मग ती धूसर असोत, किंवा पुढ्यात घरातली मंडळी हसत उभी असोत. त्यांच्या मागचा काठ दिसत असला की पुरे.